दाखवायची मोटार

मोटार उताराला उभी होती, हे मी तिचा रंग बघायच्या आधी बघितलं. म्हसावदला सपाट जागा काही कमी नव्हती. चावडीसमोर मैदान होतं, बाजाराची मोकळी जागा होती, पिंपळाखाली सावलीही होती. हे सगळं सोडून सुरतेच्या त्या एजंटाने गाडी लावली होती नाल्याकडे उतरणाऱ्या वाटेच्या तोंडाशी, नाक खाली करून.

माझा धंदा बैलांचा. बापाने माझ्यासाठी एक चाबूक मागे ठेवला, तोही शेजाऱ्याचा निघाला. दुसऱ्यांची गुरं बाजाराला हाकत नेता नेता मी स्वतःची न्यायला लागलो, मग गाड्या केल्या, कापूस वाहायला लागलो, शेत घेतलं. लोक तोंडावर शेठ म्हणत आणि मागे हेडी म्हणत. गुरांच्या व्यापाऱ्याला आमच्याकडे हेडी म्हणतात आणि त्या शब्दात व्यापारापेक्षा लबाडी जास्त असते. असो. सांगायचं ते हे की लंगडा बैल विकणारा माणूस बैलाला कसा उभा करतो ते मी पोटासाठी शिकलो होतो. दुखरा पाय खळग्यात येईल अशी जागा तो हेरतो. बैलाला आधी कोसभर चालवून आणतो, म्हणजे अखडलेला पाय मोकळा होतो. आणि गिऱ्हाईक आलं की त्याला बैलापेक्षा गप्पांत जास्त गुंतवतो.

एजंट गप्पांत फार गोड होता. डोक्यावर साहेबी टोपी, अंगात कोट, भाषा अर्धी गुजराती, अर्धी आपली. त्याने सांगितलं की ही गाडी कंपनीची स्वतःची. कुणाला विकलेली नाही, भाड्याने फिरवलेली नाही. वर्षभर फक्त खानदेशातल्या बड्या लोकांना दाखवायला आणली. आता नवीन घाटाच्या गाड्या आल्या, म्हणून ही दाखवायची मोटार कंपनी कमी भावात काढतेय.

"शेठ, नवी ती नवीच," तो म्हणाला. "फक्त नजर लागली असेल तेवढीच."

मी विचारलं, कुणाकुणाला दाखवली? त्याने शहाद्यापासून तापीच्या काठापर्यंतची घरं घडाघडा सांगितली. त्यात माझ्या याहीचं घर होतं. माझ्या मुलीच्या सासऱ्याचं. वर एजंट हसत म्हणाला की त्यांनीच तर तुमचं नाव सांगितलं. म्हणाले, म्हसावदला जा, तिथे घेणारा माणूस आहे.

इथे माझं डोकं तापलं. का तापलं ते सांगितलं पाहिजे.

मुलीच्या लग्नात मी आंदण म्हणून बैलजोडी दिली होती. विकायला आणलेल्यातली नव्हे, माझ्या स्वतःच्या गाडीची. ती जोडी देताना माझ्या घरात दोन दिवस कुणी नीट जेवलं नव्हतं. वऱ्हाडाची पंगत बसली होती आणि याही, तापीकाठचा केळी-कापसाचा बागायतदार, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हेड्याने आंदणातबी बाजार कया." पंगत हसली. मी वाढत होतो. हातातलं तुपाचं भांडं मी खाली ठेवलं नाही, एवढंच मी त्या दिवशी स्वतःसाठी करू शकलो. पुढे ती जोडी त्याने सारंगखेड्याच्या यात्रेत विकली. ती दुसऱ्याच्या दावणीला उभी असलेली मी डोळ्यांनी बघितली. भावही विचारून आलो. मी सांगितला असता त्याहून कमी होता.

आणि आता मुलगी सातव्या महिन्यात होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. मी गाडी जुंपून आणायला निघणार, तोच निरोप आला: बैलगाडीने पाठवणार नाही, मोटार आणा. कारण खरं होतं, ते मी नाकारत नाही. त्या घरच्या थोरल्या सुनेला अशाच दिवसांत बैलगाडीने माहेरी नेलं, वाटेत धक्के बसले, आणि मूल हाती लागलं नाही. याहीची बायको, इहीणबाई, तेव्हापासून बैलगाडी म्हटलं की घाबरत. पण त्या निरोपात मला भीती कमी आणि टोमणा जास्त ऐकू आला. हेड्याच्या घरी बैलच असणार, मोटार कुठली. नंदुरबारच्या स्टेशनाबाहेर भाड्याची मोटार मिळे, पण ती तापीच्या तराफ्यावर चढवायला कुणी मालक राजी नव्हता. मी दोघांना विचारून पाहिलं होतं. दिवस पुढे सरकत होते. आणखी थोडे गेले असते तर मोटारीनेही आणता आलं नसतं, आणि माझ्या मुलीचं पहिलं मूल परक्या घरात झालं असतं, तिची आई जवळ नसताना.

अशा वेळी त्याच याहीच्या घरून एक मोटार माझ्या दारात येते. त्याने बघितलेली, त्याने न घेतलेली. मला दुसरं काय वाटणार होतं? बैल ओळखणाऱ्या माणसाच्या गळ्यात लंगडी मोटार बांधायची आणि पुढच्या पंगतीत ती गोष्ट सांगायची, हाच बेत.

मी एजंटाला म्हटलं, फिरवून दाखव.

निम्मं गाव जमलं होतं. गाडी उतारावरून आपोआप निघाली, नाल्याजवळ यंत्र धडधडायला लागलं, आणि आम्ही शहाद्याच्या रस्त्याने मैलभर जाऊन आलो. बसायला चांगली होती, खोटं का बोलू. धक्का असा जाणवत नव्हता. पण पूर्ण फेरीत एजंटाने यंत्र एकदाही बंद केलं नाही. रस्त्यात एका ओळखीच्या माणसाशी बोलायला मी गाडी थांबवायला लावली, तेव्हाही ते घुरघुरतच होतं. आणि परत आल्यावर गाडी पुन्हा त्याच उताराला, त्याच जागी.

मग मी ती बैलासारखी बघितली. भोवती फिरलो. चाकं बरी होती. पुढची गादी खपलेली, मागची जवळजवळ कोरी. म्हणजे ज्याला दाखवली तो प्रत्येक जण पुढे बसला होता. चढायच्या पायरीवरचं रबर एकाच बाजूने गुळगुळीत झालेलं. भोंग्याचा फुगा नवीन होता, त्याअर्थी जुना लोकांनी दाबून दाबून फोडला असणार. यंत्राच्या झाकणाची कडी सैल. गावोगावी उघडून दाखवली असणार. हे सगळं दाखवण्याचं झिजणं होतं, चालण्याचं नव्हे. मला पटत होतं की माणूस निदान तेवढं तरी खरं बोलतोय. पण उतार मला सोडत नव्हता.

"गाडी मन्हा खळात ली चाल," मी म्हटलं.

खळं गावाच्या अंगाला होतं, शेणाने सारवलेलं, ताटासारखं सपाट. एजंट म्हणाला, खळं खराब होईल. मी म्हटलं, खळं माझं आहे. तो म्हणाला, उन्हात रंग उडतो. मी म्हटलं, मग वर्षभर काय चांदण्यात दाखवत होतास? लोक हसले. त्याला गाडी आणावी लागली. खळ्याच्या मध्यावर मी त्याला यंत्र बंद करायला सांगितलं आणि खाली उतरून बसलो. घाई केली नाही. पान लावलं. यंत्र गार होऊ दिलं.

मग म्हटलं, कर सुरू.

त्याने बटण दाबलं. पुढच्या झाकणाखाली काहीतरी करकरलं आणि थांबलं. पुन्हा दाबलं, पुन्हा करकर. तिसऱ्या वेळी नुसता टकटक आवाज. एजंटाने कोट काढला, पुढे जाऊन लोखंडी हँडल घातलं आणि फिरवायला लागला. घामाघूम झाला तरी यंत्र दाद देईना. शेवटी एकदा ते पेटलं तेव्हा हँडल उलटं फिरून त्याच्या मनगटावर बसलं. तो खाली बसला, मनगट धरून.

मी पाणी दिलं. माणूस आहे. मग विचारलं, आता सांग.

त्याने सांगितलं. गाडी दाखवायला नेली की प्रत्येकाला एकच हौस असते: ते बटण आपल्या अंगठ्याने दाबायची. घरधनी दाबतो, त्याचे भाऊ दाबतात, पाहुणे दाबतात, पोरं दाबतात. सुरू कर, बंद कर, पुन्हा सुरू कर. जी गाडी दिवसातून दोनदा सुरू व्हायची ती वर्षभर रोज पन्नासदा सुरू होत होती. बॅटरी दमली आणि सुरू करणाऱ्या यंत्राचे दात झिजले. बाकी गाडीत वांधा नाही.

"मी दात बघूनच जनावर घेतो," मी म्हटलं. त्यावर तोही हसला, पण मनगट सोडलं नाही.

आता कुणी म्हणेल, दोष सापडला, भाव पाडायचा आणि घ्यायची. पण सापडलेल्या दोषाची मला भीती कधीच वाटली नाही. मला भीती न सापडलेल्याची. ज्याने एवढं लपवलं त्याने आणखी काय लपवलं असेल? आणि मुख्य म्हणजे, हे याहीला ठाऊक होतं का? ठाऊक असून त्याने माझं नाव सांगितलं असेल, तर ही गाडी भाव पाडून घेतली तरी हार माझीच.

घरी हे सगळं मी बायकोला सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. तिने मान वर केली नाही.

"पोर तठे दिन मोजी ऱ्हायनी," ती म्हणाली, "आनि तुम्ही आठे मोटारना दात मोजी ऱ्हायनात."

मी काहीतरी फटकन बोललो. तिने पुढची भाकरी तव्यावर टाकली, आणि त्याने मी जास्त चिडलो. पण सकाळपर्यंत मला वाट सापडली होती. एजंटाला म्हटलं, मैलभराच्या फेरीवर मी काही घेत नाही. बैल घेतो तेव्हा माझ्या औताला जुंपून बघतो. माझं औत तापीकाठी आहे. तिथे चल, मुलीला घेऊन ये, घरापर्यंत पोहोचव, मग बोलू. पेट्रोल तुझं, कारण दाखवतोयस तू. तो थोडा कुरकुरला. पण खानदेशभर दाखवून न खपलेली गाडी होती ती, आणि त्याचं मनगट सुजलं होतं. तो चल म्हणाला. बायको आणि बाकीची मंडळी घरीच राहिली. फक्त आम्ही दोघं निघालो.

वाटभर मला दुसऱ्या कशाची काळजी नव्हती. एकच होती. याहीचं अंगण सपाट होतं. मी ते चांगलं ओळखत होतो, लग्न ठरवताना त्याच अंगणात मी हात जोडून उभा राहिलो होतो. तिथे यंत्र बंद पडलं की एजंट दुखऱ्या हाताने हँडल मारत बसणार, घरची माणसं ओट्यावर येऊन बघणार, आणि इहीणबाई म्हणणार की अशा गाडीत मी माझी सून बसवत नाही. त्यात त्यांचं काही चुकलं नसतं. मग मुलगी राहिली तिथेच. शहादा ओलांडल्यावर मी एजंटाला बजावलं: काही झालं तरी यंत्र बंद करायचं नाही. देव येऊन म्हणाला तरी नाही.

अंगणात गाडी घुरघुरत उभी राहिली. एजंट आतच बसून राहिला. याही ओट्यावर पान खात होता. उठला, रामराम झाला. मी म्हटलं, मोटार आणली, मुलीला पाठवा. तो म्हणाला, बसा तर खरं. मी म्हटलं, बसत नाही, वाट लांबची आहे. त्याने गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"याही, बंद करा ना ती मोटार," तो म्हणाला. "धूर व्हई ऱ्हायना."

हेच मी ऐकायला आलो होतो. ठाऊक होतं तर. 

"धूर व्हई ऱ्हायना तं नाक झाका पाटील," मी म्हटलं. "मन्ही मोटार शे. मन्हा मनले वाटी तवय बंद करसू."

त्याने भुवई उचलली, बस. मला वाटलं तो आता बोलेल, पंगतीत बोलला तसं. मी तयार होतो. आठवड्यांपासून, खरं तर लग्नापासून, मी तयार होतो. पण तो पान चघळत राहिला. गोठ्यातल्या गाई त्या आवाजाने दाव्याला हिसके देत होत्या. एजंट खिडकीतून मला खुणा करत होता, पेट्रोलच्या टाकीकडे बोट दाखवत होता. आणि आतून काही हालचाल नाही.

मी दाराशी जाऊन हाक दिली, लवकर करा. इहीणबाई बाहेर आल्या. लग्नानंतर त्या पहिल्यांदाच माझ्याशी सरळ बोलल्या.

"पोरनी ओटी भराले मोटारना हुकूम लागस का?"

मी मागे सरकलो. आत पाट मांडलेला होता. मुलगी त्यावर बसली होती, डोक्यावर पदर, समोर तांदूळ, खण, नारळ. थोरली सून ओटी भरत होती. तीच, जिचं मूल गेलं होतं. ती एकेक ओंजळ सावकाश घालत होती आणि कुणीही तिला घाई करत नव्हतं. मीही केली नाही. बाहेर मोटार धडधडत होती आणि मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. त्या आवाजात जरा फरक पडला की मी मान वळवून अंगणात बघायचो.

यंत्र बंद पडलं नाही. मुलगी उठली, सगळ्यांच्या पाया पडली, इहीणबाईंनी मागच्या गादीवर स्वतः गोधडी अंथरली आणि हाताने दाबून बघितली. याही गाडीजवळ आला. म्हणाला, "परत धाडाले बी मोटारच लागी, याही." म्हणजे आजचं निभलं तरी सुटका नव्हती. एजंटाने ते ऐकलं आणि त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला.

गाव मागे पडल्यावर मी मुलीजवळ मोकळा झालो. मागच्या गादीवर आम्ही दोघं. मी म्हटलं, तुझा सासरा माणूस आहे का कोण आहे? लंगडी गाडी माझ्याकडे पाठवतो, आणि वर बंद करा म्हणतो? तिने पदर तोंडावर धरला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती.

"आबा, हाई गाडी तुम्हनाकडे मीच धाडी," ती हळू म्हणाली. "मामांजीले मीच सांगं, मन्हा बापना गावले जाऊ द्या तिले."

एजंटाने वाड्यातल्या बायकांनाही अंगणात फेरी दिली होती. तिनेही बटण दाबलं होतं. ते करकरलेलं तिने ऐकलं होतं. मी विचारलं, ठाऊक असून पाठवलीस?

"खोट नही सापडनी तं तुम्ही इकत लेतात का? चांगली गाडी दखीसन तुम्ही तिन महिना इचार करतात. तवलोंग मी तठेच."

 लहानपणी ही पोर माझ्याबरोबर सारंगखेड्याच्या यात्रेला यायची, गाडीवर बसून सौदे बघायची. आमच्या धंद्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत समोरच्याची बोटं धरायची. किती धरली, कुठल्या पेरावर दाबलं, त्यावरून आकडा. भोवतीच्या लोकांना कळत नाही. तिने ते कधी शिकून घेतलं मला ठाऊक नाही.

शहादा आलं तेव्हा मी पुढे वाकून एजंटाशी बोलायला सुरुवात केली. झिजलेले दात, दमलेली बॅटरी, सुजलेलं मनगट, सगळं मोजून काढलं. दोन्ही दुरुस्त्या कंपनीच्या पैशाने, माझ्या डोळ्यांसमोर, त्याशिवाय व्यवहार नाही. तो त्याला कबूल झाला. मग भाव. तो एक बोलला. मी माझा आकडा सांगणार, एवढ्यात गोधडीखालून मुलीने माझा हात धरला. बोटं दाबली. मी सांगणार होतो त्याहून तो आकडा बराच खाली होता. इतका खाली की मला स्वतःला बोलायला लाज वाटली असती.

मी तो बोललो. एजंटाने समोरच्या बैलगाडीला भोंगा दिला. मग म्हणाला, ठीक छे, शेठ.

घर आलं, आई-मुलीची भेट झाली, आणि मला ताप चढला तो वेगळाच. एवढ्या सहज तो मानला कसा? ज्या आकड्यावर एजंट न भांडता उतरतो तो आकडा त्याने आधी कधीतरी, कुणाच्या तरी ओट्यावर बसून, एकदा कबूल केलेला असतो. तो ओटा कुणाचा होता? मुलीने दाराआडून ऐकला, की कुणी तिला मुद्दाम ऐकवला? याहीने सौदा आधीच ठरवून ठेवला आणि मला फक्त हो म्हणायला लावलं असेल, तर मी त्याच्या उपकारात गेलो होतो. तिला विचारलं तर ती खरं सांगेल याची मला खात्री नव्हती, आणि खरं सांगितलं तर मला काय करावं लागेल याचीही नव्हती. मी विचारलं नाही.

बाळंतपण सुखरूप झालं. मुलगा झाला. सव्वा महिना झाल्यावर त्याच मोटारीने, नव्या दातांच्या, मी त्यांना पोहोचवायला गेलो. याही अंगणात आला, गाडीभोवती एक फेरी मारली, झाकणावर बोटाच्या पेरांनी वाजवलं.

"कितला मा पडनी?"

मी खऱ्या आकड्याहून कमी सांगितला. चांगलाच कमी. आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. खरा आकडा त्याला ठाऊक असेल तर डोळ्यांत काहीतरी हलणारच होतं. बैल विकणाऱ्या हजार माणसांचे चेहरे मी वाचले होते.

"सस्ती पडनी," तो म्हणाला. डोळ्यांत काही हललं नाही. त्याने नातवाला घ्यायला दोन्ही हात पुढे केले.